चौदा नंबरची झाकणी

१

दुपारी गाव जेवून आडवं झालं, की माझा बोर्ड जागा व्हायचा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या तालुक्याच्या गावात टेलिफोन आला होता, पण तो असणारी घरं मोजकीच. कचेरी, पोलीस ठाणं, डॉक्टर, चार-दोन अडतदार, आणि फोनपेक्षा फोनचा रुबाब हवा असलेले काही बडे शेतकरी. पोस्टाच्या मागं माडीवर एक अरुंद खोली होती. तिथं लाकडी बोर्ड, बोर्डावर नंबर घातलेल्या पितळी झाकण्या, आणि पुढ्यात स्टुलावर हेडफोन लावून मी. माझं नाव शिवम्मा, माहेर अणदूर, पण गावाला मी नुसती बाई. कुणी घरच्या फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याच्या नंबरची झाकणी खट्दिशी पडायची. तिच्याखालच्या भोकात कॉर्ड खोचून मी विचारायची, कोण पाहिजे. मग दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात. माझा हात लागल्याशिवाय गावात कुणाचं कुणाशी फोनवर बोलणं होत नसे, आणि त्याचा मला थोडा माज होता, खोटं कशाला बोलू?

पोरापोरींनी या यंत्राचा वेगळाच उपयोग शोधून काढला. घरातली मोठी माणसं झोपली की ती हळूच हँडल फिरवत आणि नंबर मागतच नसत. माझ्याशीच बोलत. सुरुवात केली कापडवाल्या दादामियाँच्या ताहेरानं. "बाई, एक मुलगी हाय," ती कुजबुजली, "तिला रक्त जायलंय. ती मरनार हाय का?" मी म्हटलं, मरत नाही गं, मोठी होते. आणि जे आईनं सांगायचं ते सगळं मी सांगितलं. मग हळूहळू बाकीचे आले. कुणी नापास झालेला, कुणाला बाप पट्ट्यानं मारायचा, कुणाच्या पुस्तकात कुणीतरी चिठ्ठी ठेवलेली. नाव कुणी सांगायचं नाही आणि मी विचारायचं नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, एक मुलगी आहे, एक मुलगा आहे. पडलेल्या झाकणीचा नंबर बघून घर मला कळायचंच, पण ते मला कळतं हे पोरांच्या ध्यानात येत नसे, आणि मीही येऊ देत नसे. बाजारात ताहेरा समोर आली तर मी वांग्यांचा भाव विचारत दुसरीकडं बघायची. बाई कुणाला सांगत नाहीत, अशी माझी ख्याती झाली होती.

२

चौदा नंबर म्हणजे आण्णासाहेबांचं घर. गावातलं सगळ्यात मोठं माळवद त्यांचं. त्यांची धाकटी मुलगी कस्तुरा मॅट्रिक झालेली होती.

"बाई, एक मुलगी हाय."

"हं, बोल."

"तिचं लगीन ठरलंय. नवरा बिजवर हाय. त्याची थोरली लेक तिच्याच वयाची हाय."

"नको म्हणून सांगितलं का तिनं घरात?"

"सांगितलं की. आईनं तोंडावर हात ठिवला तिच्या."

माझंही लग्न मला न विचारताच झालं होतं, आणि नवऱ्यानं दुसरा संसार मांडला तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं.

"तिचा मामा हाय सोलापूरला, बब्रुवान," ती म्हणाली. "कापडाच्या पेढीवर कामाला हाय, तिथं फोन हाय. त्यो म्हनला हुता, शीक, मी तुला मास्तरीण करतो. त्याला नुसतं कळलं ना बाई, तर त्यो येऊन घिऊन जाईल. पन हळद लागायच्या आत कळाय पायजे. एकदा हळद लागली की संपलं."

सोलापूरचा कॉल मागितला की लगेच लागत नसे. तो नोंदवायचा आणि वाट बघायची. तामलवाडीवरून जाणारी लाइन मोकळी झाली की सोलापूरचा ऑपरेटर मला सांगायचा, आणि मग मी ज्यानं कॉल मागितला त्याच्या घरी घंटा द्यायची. पद्धतच तशी होती.

"घंटा दिऊ नका, बाई," कस्तुरा म्हणाली. "आमचे... तिचे बाबा उचलतील. मीच मधनं मधनं हँडल फिरवून इचारीन, सोलापूर लागलं का म्हनून."

"बरं."

"कुनाला सांगनार न्हाई ना?"

"आजवर कुणाचं सांगितलंय?" मी म्हटलं, आणि मला माझंच बरं वाटलं.

३

दुपारभर ती विचारत राहिली. सोलापूर लागलं का? अजून नाही. सोलापूर लागलं का? नाही गं. मग उन्हं कलली, तिच्या घरातली माणसं उठली असतील, आणि विचारणं थांबलं.

दिवेलागणीला अडतदारांचे फोन सुरू झाले. एक कॉर्ड काढ, दुसरी खोच, याला धर, त्याला सोड. त्या गडबडीत सोलापूरचा ऑपरेटर म्हणाला, "घ्या, पेढीवाले आलेत तुमचे," आणि माझ्या हातानं चौदा नंबरला घंटा दिली.

दिवसातनं कितीदा तरी हा हात हेच करायचा. सवय म्हणजे सवय. निदान चाँदपाशाला, आमच्या लाइनमनला, मी नंतर तसंच सांगितलं. पण घंटा देताना मी चौदा हा आकडा वाचला होता, हे मला आठवतं. आणि या वेळी आण्णासाहेब फोनशेजारी पान खात बसतात, हेही मला ठाऊक होतं.

"कोन?" आण्णासाहेब म्हणाले.

"सोलापूर लागलंय, बोला." जिभेनंही तिचं काम चोख केलं.

"कस्तुरा?" तिकडून बब्रुवानचा आवाज आला. "काय गं बाळा, काय झालं? फोन कशापायी केलास?"

आण्णासाहेबांनी तोंडातलं पान थुंकल्याचं ऐकू आलं. मग ते मऊ आवाजात म्हणाले, "बब्रुवान, मी बोलतुया. पोरीला लग्नाचं आवतन द्यायचं हुतं मामाला. तारीख कळवतो मी." आणि इकडच्या तिकडच्या चार गोष्टी करून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

मी कॉर्ड काढणार, तोच ते म्हणाले, "बाई."

"जी."

"ह्यो फोन कुनी मागितला हुता?"

माझी खोली, माझं स्टूल, माझा पगार, सगळं डोळ्यांपुढं आलं. आण्णासाहेबांची वर ओळख होती. त्यांनी एक शब्द टाकला असता तर मला दुसऱ्या दिवशी अणदूरची वाट धरावी लागली असती.

"मुलीचा आवाज होता," मी म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी चाँदपाशा त्यांच्याकडचा फोन उचकटून घेऊन आला. खांबावरून तारही तोडून आला. "आण्णासाहेब म्हनले, घरात बायापोरी हायत, असलं यंत्र नगं," तो म्हणाला आणि फोन माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवून गेला. कस्तुराला हळदीपर्यंत आत्याकडं तेरखेड्याला पाठवलं, असं गावात बोललं जात होतं.

बाईंनी सांगितलं हे पोरांत पसरलं असावं, त्यांचे फोन बंद झाले. एकही झाकणी दुपारची पडेना. ताहेरा बाजारात दिसली तर तीच आता दुसरीकडं बघायला लागली. मी वांगी निवडत उभी राहायची आणि मान वर करायची मला लाज वाटायची.

अशाच एका दुपारी झाकणी पडली. मला इतका आनंद झाला की कॉर्ड हातात घेऊनच मी वर बघितलं. नंबर चौदा होता.

मी बोटानं ती वर केली. तार नाही, फोन नाही, पडेल कशी? पण दुसऱ्या दिवशी, गाव झोपल्यावर, ती पुन्हा पडली. चाँदपाशानं बघितलं, स्प्रिंग ढिली झालीय म्हणाला, पक्कडीनं वाकवली. तरी पडली. मग त्यानं वरून खळ लावून कागद चिकटवला. दुपारी कागद टर्रकन फाटला आणि झाकणी खाली आली.

मी कॉर्ड खोचली.

तार तुटलेली असली की कानात पोकळ घूं घूं येते. इथं तसं नव्हतं. इथं एक खोली होती, बंद खोली, एवढं कानाला कळत होतं. कुठंतरी धान्य बारीक धारेनं सांडत होतं. कुणीतरी श्वास घेत होतं, फोनच्या अगदी तोंडाशी.

"बाई, सोलापूर लागलं का?"

मी कपाटाकडं बघितलं. फोन जागेवर होता, रिसीव्हर खाली लटकत नव्हता, त्याच्यावर धूळसुद्धा बसली होती.

"अजून नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"बरं," ती म्हणाली, आणि खोली नाहीशी झाली.

५

रोज एकदा ती विचारायची आणि रोज मी तेच सांगायची. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. एका तारेतलं बोलणं शेजारच्या तारेत उतरतं, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. एखादं चावट पोर नक्कल करत असेल, असंही मनात आलं. नाहीतर माझंच मन मला खात असेल, ते खायलाच हवं होतं. मी चाँदपाशाला बोलावून हेडफोन त्याच्या कानाला लावला.

तो डोळे बारीक करून ऐकत राहिला. "बोलतंय कोन न्हाई, बाई," तो म्हणाला. "ज्वारी सांडल्यागत ऐकू यायलंय. उंदरं असतील."

"तारेत कुठले उंदीर?"

त्यानं हेडफोन काढून हळूच बोर्डावर ठेवला. त्यानंतर तो दुपारचा माझ्या खोलीत आला नाही.

शेवटी मी आण्णासाहेबांच्या घरी गेले. फोनची बॅटरी तुमच्याकडं राहिली, असं निमित्त काढलं. कस्तुराची आई, धुरपदाबाई, लाडू वळत बसली होती. घरात लग्नाचा वास होता, तूप आणि वेलदोड्याचा. मधल्या खोलीच्या भिंतीवर जिथं फोन होता तिथं चुन्याचा चौकोन उजळ राहिला होता. त्याच्या शेजारी बळदाच्या खोलीचं दार होतं, धान्य साठवायची ती अंधारी खोली. दाराला कोरं कुलूप होतं. उंबऱ्यापाशी एक ताटली होती, तिच्यात अर्धी भाकरी, आणि पाण्याचा पेला.

"कस्तुरा कधी येणार?" मी विचारलं.

"आत्याकडं हाय. हळदीला यील," धुरपदाबाई लाडवाकडं बघत म्हणाली.

दाराआड धान्य सांडल्यासारखा आवाज झाला. बारीक धार, थोडा वेळ, मग बंद. आम्ही दोघींनीही ऐकलं. बाहेर ओसरीवर आण्णासाहेब खाकरले.

"उंदरं लई झाल्यात, बाई," ती म्हणाली आणि घाईनं माझ्या हातावर लाडू ठेवला. तिची बोटं गार पडली होती. "खावा. खावा की."

मला विचारायचं होतं. मला त्या दाराशी जाऊन हाक मारायची होती. खरंच मारायची होती. पण ओसरीवरची पावलं आत येत होती. मी उभ्याउभ्याच लाडू खाल्ला, छान झालाय म्हणाले आणि बॅटरी न घेताच निघून आले. वाटेत दोनदा तोंड धुतलं तरी तुपाची चव जाईना.

६

"बाई, तुमी आलावता," चौदा नंबरवरून ती म्हणाली.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला.

"मला ऐकू आलं. तुमी म्हनलाव, छान झालाय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता. "सोलापूर लागलं का, बाई?"

"मी लावते," मी म्हणाले. "आत्ता लावते."

मी माझ्याच जबाबदारीवर सोलापूर मागितलं. तातडीचा कॉल म्हणून सांगितलं, ऑपरेटरच्या हातापाया पडले. पेढीवर बब्रुवान आला तेव्हा मी रडत होते. पोरगी तेरखेड्याला नाही, बळदाच्या खोलीत कोंडलीय, हळद लागायच्या आत ये, एवढं सगळं सांगितलं. फक्त त्या संध्याकाळी घंटा कुणी दिली आणि मुलीचा आवाज होता हे आण्णासाहेबांना कुणी सांगितलं, ते बोलले नाही. वेळ नव्हता, असं मी मनाला बजावलं.

तो दुसऱ्या दिवशी फौजदाराला घेऊन आला. आरडाओरडा पोस्टापर्यंत ऐकू येत होता. थोड्या वेळानं ते माझ्या खिडकीखालून मोटारस्टँडकडं गेले. कस्तुरा मामाचा हात धरून चालत होती, पांढरीफटक, केसांत ज्वारीचा भुसा. पण स्वतःच्या पायांनी चालत होती. मी खिडकीचे गज धरले. खिडकीखाली ती थांबली, वर बघितलं, आणि तिचे ओठ हलले. आवाज काही आला नाही. रस्त्यावर गलका होता, म्हणून आला नसेल.

"भिंतीकडं तोंड करून बसली हुती," तिथं बघायला गेलेला चाँदपाशा सांगत होता. "जिथं पलीकडनं फोन हुता ना, त्याच भिंतीला. मूठ आशी कानाला लावून."

बब्रुवान वर आला आणि माझ्या पाया पडायला वाकला. "तुमच्यामुळं पोरगी वाचली, बाई," तो म्हणाला. मी त्याला वाकू दिलं.

७

झाकणी पडायची थांबली. लग्न मोडलं. आण्णासाहेब माझी नोकरी घालवतील असं वाटत होतं, पण फौजदारानं दम भरल्यापासून ते घराबाहेरच पडत नव्हते. मला झोप लागायला लागली. माझ्या हातून बिघडलं ते माझ्याच हातून नीट झालं, असा हिशोब मी मनाशी जुळवून टाकला.

मग एका दुपारी सोलापूरचा कॉल आला. मागणारा बब्रुवान होता आणि त्याला मीच हवी होते.

"बाई, पोरगी बोलत न्हाई," तो म्हणाला. "हितं आल्यापासनं एक शबूद न्हाई. डॉक्टर म्हनत्यात घसा चांगला हाय, जीभ चांगली हाय. खाती, पिती, पुस्तक उघडून बसती. पन आवाजच न्हाई. पेढीवर आली की फोन उचलून कानाला लावती आन् बसून ऱ्हाती. आता बी हितंच हाय. तुमच्याशी बोलायची म्हनं ती, गावातली पोरं सांगत्यात. तुमी जरा बोलून बघा. मास्तरीण व्हायची हाय हो ती, मुकी झाली तर करायचं काय?"

"दे तिच्याकडं," मी म्हणाले.

रिसीव्हर हातातून हातात गेला. श्वास ऐकू आला, सावकाश, जपून घेतलेला. "कस्तुरा, मी बाई," मी म्हटलं. "तुझी शाळा कधी सुरू होणार गं?" नुसता श्वास.

समोर चौदा नंबरची झाकणी पडली.

मी तिच्याकडं बघत राहिले. मग दुसरी कॉर्ड उचलली. न उचलून चाललंच नसतं. माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही.

बंद खोली. धान्याची धार. "बाई, सोलापूर लागलं का?"

तोच आवाज. कस्तुराचाच. जो सोलापूरला कुठल्या डॉक्टरला सापडत नव्हता, तो.

मला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. पण आता काय करायचं ते मला कळलं. आवाज या टोकाला होता आणि पोरगी त्या टोकाला, आणि मधे फक्त मी. मी कळ दाबली. दोन्हीकडचं दोन्हीकडं जायला लागलं.

"लागलंय," मी म्हणाले. "बोल."

धान्य सांडायचं थांबलं.

"कोन हाय तिकडं?" तिनं विचारलं. "मामा न्हाई त्यो. कुनीतरी श्वास घ्यायलंय. कोन हाय, बाई?"

"तूच आहेस," मी म्हणाले. "तू सुटलीस, कस्तुरा. सोलापूरला मामापाशी आहेस तू."

ती अगदी हळू म्हणाली,

"मंग हितं कोन हाय?"

सोलापूरचा श्वास अडकला. मागं कुठंतरी बब्रुवान ओरडत होता, "बाई, तिचे ओठ हलायलेत! बोलत ऱ्हावा, बाई, थांबू नका! काईतरी म्हनायलीय ती!" आणि खरंच, त्या टोकाकडून एक घोगरा, न वापरलेला आवाज वर यायला लागला होता. त्यानं पहिलं अक्षर धरलं. "बा..." तो म्हणाला. "बाई... नी..."

बाईनी. पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. बाईनी घंटा दिली. बाईनी सांगितलं. शेजारी मामा उभा होता, ज्याला मी पाया पडू दिलं होतं, आणि आवाज फुटल्याबरोबर पोरगी पहिलं तेच सांगणार होती.

मी चौदा नंबरची कॉर्ड ओढून काढली.

कानात काहीच उरलं नाही. मग रिसीव्हर कुणाच्या तरी हातातून निसटल्याचा आवाज झाला, आणि बब्रुवान धापा टाकत फोनवर आला.

"काय झालं, बाई? आता बोलली असती की ती! काय झालं?"

"लाइन तुटली," मी म्हणाले.